बाजारपट्टीत घरे: कॅलिफोर्नियातल्या झोनिंग बदलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकाने, ऑफिसे आणि पार्किंगसाठी राखलेल्या जमिनीवर अपार्टमेंट बांधायला कॅलिफोर्निया राज्याने २०२३ च्या १ जुलैपासून वाट करून दिली आहे. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी मंडळींत या विषयावर बोलणे निघाले की तेच ते प्रश्न येतात. कुणी भाड्याने राहणारा असतो, कुणाचे स्वतःचे घर असते, कुणाचे दुकान. तिघांचे हित एक नाही, म्हणून उत्तरेही सगळ्यांना सारखी गोड लागणार नाहीत. मी स्वतः या बदलाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बाजाराच्या भागात घरे बांधायला मुळात बंदी का होती?

गिरगावात, दादरला किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाला हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. खाली कापडाचे दुकान, वर बिऱ्हाडे, जिन्यात डॉक्टरची पाटी, हे आपल्याकडे कुणी मुद्दाम आखलेले नव्हते. अमेरिकेतल्या जुन्या शहरांतही असेच होते.

मग न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभर लागू होणारे झोनिंग आणले, म्हणजे कोणत्या भागात काय बांधायचे याची सक्तीची वाटणी. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पलीकडे बर्कलीत फक्त एककुटुंबी घरांसाठी राखलेला भाग आखला गेला. त्यामागे कोणत्या वंशाचे लोक शेजारी नकोत याचा हिशेबही होता. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने झोनिंग वैध ठरवले, आणि निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क ‘परजीवी’ म्हटले. शेजारच्या बंगल्यांनी निर्माण केलेल्या मोकळ्या हवेचा फायदा उपटणारी, या अर्थाने.

गंमत अशी की सुरुवातीचे झोनिंग पायऱ्यांसारखे होते. सगळ्यात वरच्या पायरीवर एककुटुंबी घर. त्या भागात दुकान चालत नसे, पण दुकानांच्या भागात घर चालत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींसाठी उपनगरे पसरली आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या कुंपणात गेली. घरे इथे, दुकाने तिथे, मध्ये सहा पदरी रस्ता. बाजाराच्या भागात घरांना मनाई ही त्यामानाने अलीकडची सवय आहे.

नवा कायदा नेमका कोणता?

दोन आहेत. असेंब्ली सदस्य बफी विक्स यांचा एबी २०११ आणि सिनेटर अ‍ॅना कॅबालेरो यांचा एसबी ६. एबी म्हणजे असेंब्लीचे विधेयक, एसबी म्हणजे सिनेटचे; पुढचा आकडा विधेयकाचा क्रमांक आहे, साल नव्हे. गव्हर्नर न्यूसम यांनी दोन्हींवर २०२२ च्या २८ सप्टेंबरला सही केली. दोन्ही कायम नाहीत, १ जानेवारी २०३३ पर्यंतच आहेत.

एबी २०११ म्हणतो: ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या घरांचा ठेवा, कामगारांना सरकारी कामाच्या दराने मजुरी द्या, मग शहराला तुम्हाला अडवता येणार नाही. एसबी ६ मध्ये परवडणाऱ्या घरांची अट नाही, पण मजुरांच्या प्रशिक्षणाची अट जास्त कडक आहे आणि मंजुरीही आपोआप मिळत नाही. प्रत्यक्षात चर्चा होते ती पहिल्याचीच, म्हणून पुढे मीही बहुतेक त्याच्याबद्दलच बोलतो.

एकाच कामाला दोन कायदे कशाला?

युनियनमुळे. सुतारांची युनियन एबी २०११ च्या पाठीशी उभी राहिली. बांधकाम धंद्यातल्या बाकी युनियनच्या राज्य महासंघाला तो मान्य नव्हता. कामावरचे ठरावीक प्रमाणातले मजूर मान्यताप्राप्त शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) पूर्ण केलेले असावेत, असा त्यांचा आग्रह होता, आणि अशी उमेदवारी बहुतेक युनियनच चालवतात. घरांच्या प्रश्नावरची कितीतरी विधेयके राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, याच खडकावर आपटून फुटली होती. शेवटी विधिमंडळाने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या, ज्याला जी झेपेल ती त्याने घ्यावी. राजकारणात याला तडजोड म्हणतात. बिल्डरच्या हिशेबनिसाला मात्र यामुळे दोन-दोन तक्ते मांडावे लागतात.

कोणत्याही दुकानाच्या जागी इमारत उभी राहू शकते का?

नाही. त्या जागी ऑफिस, दुकान किंवा पार्किंग हा मुख्य परवानगीचा वापर असला पाहिजे. सगळी घरे परवडणारी असतील तर अशी जागा कोणत्याही रस्त्यावर चालते. बाजारभावाची आणि परवडणारी घरे मिसळलेली असतील तर ती मोठ्या व्यापारी रस्त्याला लागून हवी. मूळ कायद्यात त्या रस्त्याची रुंदी ७० ते १५० फूट धरली आहे, आणि फ्रीवे त्यात येत नाही.

याशिवाय नकारांची बरीच मोठी यादी आहे. पाणथळ जागा, सुपीक शेतजमीन, वणव्याचा अतिधोका असलेला पट्टा चालत नाही. त्या किंवा लगतच्या जागेचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग कारखान्यांसाठी वापरात असेल तर नाही. तेलविहिरीपासून ३,२०० फुटांच्या आत नाही. गेल्या दहा वर्षांत जिथे भाडेकरू राहत होते असे घर पाडून तर अजिबात नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. एरवी ‘नवी घरे बांधतो’ म्हणत जुन्या स्वस्त घरातल्यांनाच आधी उठवले गेले असते.

फ्रीवेपासून ५०० फुटांच्या आतल्या जागाही सुरुवातीला वगळल्या होत्या. २०२४ च्या दुरुस्तीने, म्हणजे एबी २२४३ ने, त्या अटींसह आत घेतल्या: हवा गाळणारी यंत्रणा बसवायची आणि फ्रीवेच्या दिशेला बाल्कनी काढायची नाही. त्याच दुरुस्तीने मोठ्या मॉलच्या जागांनाही दार उघडले. मूळ कायद्यात जागा २० एकरांपेक्षा मोठी चालत नसे.

किती उंच आणि किती घरे?

बे एरियातल्या एल कमिनो रियाल या लांबलचक रस्त्यावरचा नेहमीचा एकमजली स्ट्रिप मॉल डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला इंडियन ग्रोसरी, मध्ये डोसा, नेल सलून आणि टॅक्सवाला, दुसऱ्या टोकाला बंद पडलेले गाद्यांचे दुकान. त्याच्या काचेवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी उन्हाने पिवळी पडलेली. पुढे पार्किंगचा पसारा, पांढरे पट्टे पुसट झालेले, शनिवारी सकाळी कोथिंबीर न्यायला आलेल्यांची गर्दी आणि मंगळवारी दुपारी निम्म्याहून जास्त डांबर मोकळे.

समजा ही जागा दोन एकर आहे, आपल्या मापाने ऐंशी गुंठे. महानगरी भागात, एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर, रस्ता १०० फूट किंवा जास्त रुंद असेल तर एकरी ६० घरे. म्हणजे १२० घरे, उंची ४५ फूट, साधारण चार मजले. रस्ता त्याहून अरुंद असेल तर एकरी ४० घरे आणि ३५ फूट. जागा एक एकरापेक्षा लहान असेल तर एकरी ३०. आणि रेल्वे किंवा वारंवार बस असलेले मोठे स्थानक अर्ध्या मैलात असेल तर एकरी ८०. लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात अशा ठिकाणी उंची ६५ फुटांपर्यंत जाते.

आपल्या १२० घरांपैकी, भाड्याची असतील तर, १५ टक्के म्हणजे १८ घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. दुसरा पर्यायही आहे: ८ टक्के अतिकमी उत्पन्नासाठी आणि ५ टक्के त्याहूनही खालच्या गटासाठी. घरे कमी, पण जास्त गरजूंना. शहराचा स्वतःचा नियम अधिक कडक असेल तर तो विचारात घ्यावा लागतो. परवडणाऱ्या घरांच्या बदल्यात जास्त घरे बांधू देणारा राज्याचा वेगळा कायदा आहे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा वर जाऊ शकतो.

‘आमच्या गावात वीस मजली टॉवर येणार’ अशी जी भीती घातली जाते तिच्यात या कायद्यापुरते तथ्य नाही. चार-पाच मजले, बस.

‘आपोआप मंजुरी’ म्हणजे कुणी काही बघणारच नाही?

बघतात, पण नियमावर बोट ठेवून बघतात. हद्दीपासून इमारतीचे अंतर किती, उंची किती, अग्निशमनाची गाडी आत वळते का, हे तपासायचे. १५० पर्यंत घरांच्या प्रकल्पात काय नियमात बसत नाही ते शहराने ६० दिवसांत लेखी सांगायचे, त्याहून मोठ्या प्रकल्पात ९० दिवसांत. मुदतीत सांगितले नाही तर प्रकल्प नियमात बसतो असेच धरले जाते. ‘परिसराच्या स्वभावाला शोभत नाही’ असले मोघम कारण चालत नाही. मंजुरी द्यावी की नाही यावर कौन्सिलचे मत घेतले जात नाही.

१९७० चा राज्याचा पर्यावरण आढाव्याचा कायदाही इथे लागू होत नाही. तो कायदा वाईट नाही. पण शहराच्या मध्यात, डांबरी पार्किंगच्या जागी घरे नकोत म्हणून पर्यावरणाच्या नावाने खटले भरले गेले, वर्षानुवर्षे चालले, आणि लोक शंभर मैलांवर घरे घेऊन रोज गाडीने येऊ-जाऊ लागले. पर्यावरणाचे यात काय भले झाले ते कळत नाही.

शहरे इतका विरोध का करतात? त्यांना घरे नकोत का?

बऱ्याचदा त्यांना दुकाने हवी असतात. कॅलिफोर्नियात १९७८ साली प्रॉपोझिशन १३ मंजूर झाले. मालमत्ता कर खरेदीच्या वेळच्या किमतीच्या साधारण एक टक्का आणि पुढे करपात्र किमतीत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ. तो कर काउंटी (म्हणजे जिल्हा), शाळा आणि शहर यांच्यात वाटला जातो. उलट दुकानात विकलेल्या प्रत्येक डॉलरमागे एक सेंट थेट शहराच्या तिजोरीत पडतो. त्यामुळे मोटारींची शोरूम आली की सिटी हॉलमध्ये आनंद, आणि अपार्टमेंट आले की शाळा, उद्याने, पोलिसांच्या खर्चाची चिंता. चाळीसहून अधिक वर्षे शहरांनी हा हिशेब पाहून जमिनी राखल्या. गाद्यांचे दुकान ऑनलाइन खरेदीने बंद पडले तरी नकाशावर ती जागा ‘व्यापारी’च राहिली, कधीतरी पुन्हा कर येईल या आशेवर.

विरोधाला नुसते ‘श्रीमंतांचा हेकटपणा’ म्हणणे मला म्हणून पटत नाही. हेकटपणा आहेच, पण त्याला पैशाचा टेकूही आहे, आणि तो टेकू या कायद्याने काढलेला नाही.

मग आमचे ग्रोसरीचे दुकान जाणार का?

जाऊ शकते. स्ट्रिप मॉलची जुनी, गळकी, स्वस्त भाड्याची जागा हीच आपल्या लोकांच्या धंद्याची पहिली पायरी असते. पोळीभाजीचे डबे, उपवासाची पिठे, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, सगळे अशाच गाळ्यांतून चालते. नव्या इमारतीत तळाला दुकाने काढली तरी नव्या गाळ्याचे भाडे त्यांना पेलेलच असे नाही.

कायद्यात थोडे संरक्षण आहे. छोट्या स्वतंत्र दुकानदाराला, म्हणजे २० पर्यंत कामगार, वार्षिक उलाढाल सरासरी दहा लाख डॉलरच्या आत आणि मुख्य कार्यालय त्याच काउंटीत, अर्जाची सूचना द्यावी लागते आणि स्थलांतराची भरपाईही. तिथे धंदा एक ते पाच वर्षांचा असेल तर सहा महिन्यांचे भाडे. पुढे पायरी-पायरीने वाढत वीस वर्षांहून जुन्या दुकानाला अठरा महिन्यांचे.

मला हे अपुरे वाटते. वर्षाला दहा लाखांची उलाढाल किराणा दुकान सहज ओलांडते, कारण त्यात नफा थोडा आणि माल फार. म्हणजे ज्याच्यासाठी तरतूद केली तोच बाहेर. दुकान चालवत असाल तर भाडेकरार नव्याने करताना जागा पाडायची वेळ आली तर काय, हे कलम वकिलाकडून वाचून घ्या. त्या वेळी मालकाला तुमची गरज असते, नंतर नसते.

पार्किंग?

राज्याच्या या कायद्याखाली शहराला किमान पार्किंगची सक्ती करता येत नाही. अपंगांसाठीच्या, सायकलींच्या आणि विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगच्या अटी राहतात. ‘सक्ती नाही’ म्हणजे ‘पार्किंग नाही’ असे नव्हे. भाड्याने जाणार नाही अशी इमारत कोणी बांधत नाही, म्हणून बिल्डर स्वतःच्या हिशेबाने जागा ठेवतोच.

शाळांवर ताण येईल ना?

बे एरियातल्या कुपर्टिनोचे उदाहरण घ्या. शाळांसाठीच लोक जिथे जीव टाकतात तिथे. त्या प्राथमिक शाळांच्या डिस्ट्रिक्टने मुले घटली म्हणून २०२२ मध्ये शाळा बंद केल्या. घरे इतकी महाग झाली की लहान मुलांच्या आई-बापांना तिथे राहणेच परवडेना. ताणाची भीती प्रत्येक सुनावणीत निघते. बंद झालेल्या शाळांची आठवण क्वचितच कुणी काढते.

माझ्या घराची किंमत पडेल का?

तुमच्या मागच्या कुंपणाला लागून चार मजले आले तर सावली, खिडक्या, वर्दळ यांचा फरक जाणवेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून एककुटुंबी घराच्या बाजूला इमारत मागे सरकवण्याच्या अटी कायद्यात आहेत. बाकी, गावातल्या सगळ्याच घरांच्या किमती जरा थंडावल्या तर तो या कायद्याचा दोष की हेतू, हे तुम्ही घर घेतले आहे की घ्यायचे आहे यावर ठरेल.

‘परवडणारे’ म्हणजे कुणाला?

काउंटीच्या मध्यम उत्पन्नावरून ठरते. साधारणपणे त्याच्या ८० टक्क्यांच्या आत कमावणारे ‘कमी उत्पन्न’ गटात येतात. सांता क्लारा काउंटीत मध्यम उत्पन्नच इतके वर आहे की वर्षाला सव्वा लाख डॉलर कमावणारे चौघांचे कुटुंबसुद्धा या गटात बसते. त्यामुळे ‘परवडणारी घरे म्हणजे कोण कुठले लोक येतील’ असे कुजबुजणाऱ्यांनी आपल्याच मुलांच्या शिक्षिकेचा, नर्सचा पगार विचारून पाहावा. भाड्याच्या घरांवर ही अट ५५ वर्षे राहते, विकायच्या घरांवर ४५. घरे कमी आणि अर्ज फार, म्हणून बहुधा लॉटरी. म्हाडाची सवय असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

रिकाम्या ऑफिसांचीच घरे का करत नाहीत?

कोविडनंतर हा प्रश्न सगळ्यांना सुचला. सॅन फ्रान्सिस्कोत ऑफिसची तिसऱ्या हिश्श्याइतकी जागा रिकामी पडली होती. पण मोठ्या ऑफिसचा मजला फार खोल असतो. खिडकीपासून लिफ्टपर्यंत इतके अंतर की मधल्या खोल्यांना उजेड-वारा नाही. न्हाणीघरे मजल्याच्या मध्यात एकत्र, त्यामुळे प्रत्येक घराला नळ आणि सांडपाण्याची वाट नव्याने काढायची. जुन्या, अरुंद इमारतींत जमते. काचेच्या रुंद टॉवरमध्ये बऱ्याचदा पाडून बांधण्याइतका खर्च येतो. म्हणून या कायद्याचा खरा डोळा टॉवरवर नसून एकमजली दुकानांच्या लांबलचक रांगांवर आहे.

कायदा होऊन इतकी वर्षे झाली, इमारती का दिसत नाहीत?

अर्ज आले, येत आहेत, पण लाट आली नाही. एक, २०२२ पासून व्याजदर चढले आणि बँकांनी हात आखडला. दोन, सरकारी दराची मजुरी. ती मिळायलाच हवी असे माझे मत आहे, पण तिने खर्च वाढतो हेही खरे. तीन, भाडेकरार. सात गाळ्यांचे करार सात वेगवेगळ्या वर्षी संपतात आणि एका गाळ्याचा करार उरला तरी जागा मोकळी होत नाही. चार, चालू स्ट्रिप मॉल मालकाला काही न करता दरमहा पैसे देतो. त्याला घाई नसते.

कुपर्टिनोचा व्हॅल्को मॉल आठवा. तो या कायद्याखालचा नव्हे, घरांच्या मंजुरीला वेग देणाऱ्या २०१७ च्या एसबी ३५ खालचा, पण धडा तोच. २०१८ साली २,४०२ घरांना मंजुरी मिळाली, त्यातली निम्मी परवडणारी. खटला झाला, तोही विकासकाने जिंकला. मॉल पाडला गेला. जमिनीतले प्रदूषण निघाले, आराखडा बदलला, पैशाची गणिते बदलली, आणि शाळेला मुले सोडताना लोक वर्षानुवर्षे कुंपणाआडची मोकळी जागाच बघत राहिले. कागदावरची परवानगी मिळवायची लढाई मोठी होती खरी, पण घर उभे राहते ते कर्ज मंजूर झाल्यावर.

टेक्सास, फ्लोरिडात काय चालले आहे?

फ्लोरिडाने २०२३ मध्ये व्यापारी आणि औद्योगिक भागांत घरांना वाट दिली. अट अशी की ४० टक्के घरे मध्यम उत्पन्नाच्या १२० टक्क्यांपर्यंतच्या लोकांना परवडतील अशी ३० वर्षे ठेवायची. टेक्सासचा एसबी ८४० हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. तीन लाखांहून मोठ्या काउंटीतल्या दीड लाखाहून मोठ्या शहरांत, व्यापारी भागात अपार्टमेंटला परवानगी. किमान एकरी ३६ घरे आणि ४५ फूट उंची शहराला मान्य करावीच लागते आणि एका घरामागे एकाहून जास्त पार्किंगची सक्ती नाही. परवडणाऱ्या घरांची अटच नाही. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांनी याकडे लक्ष ठेवावे, कारण तिथल्या काही उपनगरांनी लगेच पळवाटा शोधल्या. बांधायचे तर बरेच मजले बांधाच, असली उलटी अट घातली की छोटा बिल्डर आपसूक बाहेर पडतो.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर हेच झाले ना?

वेगळे झाले, पण तुलना उपयोगी आहे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरतेच धरायचे ठरले. शेडखालची जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल उचलून धरला, आणि लोअर परळला काय उभे राहिले ते आपण पाहतोच. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हिस्सा जमिनीचा नाही, बांधलेल्या घरांचा आहे. जागेची व्याख्या बदलून तो आटवता येत नाही.

बाकी व्यापारी विभागात घर चालते की नाही हा वाद महाराष्ट्रात फारसा नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही ते चालते. आपल्याकडची भांडणे एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालते), टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरणे) आणि पाणी कुठून आणायचे यांवर होतात.

आमच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटला हे लागू आहे का, ते कसे बघायचे?

शहराच्या संकेतस्थळावर झोनिंगचा नकाशा असतो. पत्ता टाकला की झोन कळतो. त्या झोनमध्ये ऑफिस, दुकान किंवा पार्किंग मुख्य वापर आहे का ते नियमावलीत बघा. रस्त्याची रुंदी टेपने मोजू नका, ती पदपथांसह सरकारी हद्द ते हद्द धरतात. शहराच्या अभियंता विभागाकडे आकडा मिळतो. मग प्लॅनिंग काउंटरवर जाऊन त्या पत्त्यावर एबी २०११ खाली अर्ज आला आहे का ते विचारा. ही नोंद सार्वजनिक असते, ती मागायला तुम्ही तिथले मालक, मतदार किंवा नागरिक असण्याची गरज नाही. दुकानदार असाल तर ही चौकशी भाडेकरारावर सही करण्याच्या आधी करा. अर्ज आल्यानंतर पहिल्यांदाच त्या जागेचा करार केला तर भरपाई नाही.